दिवाणावरचा मेमरी बोर्ड

आमच्या आदिलाबादेत जानेवारीत थंडी कशी पडते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. हैदराबादहून भांड्यांचा माल घेऊन येणारे व्यापारी माझ्या अंगातला स्वेटर पाहून हसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच मफलर विकत घेतात. अशा थंडीत एका सकाळी माझ्या बायकोनं मला स्वेटर काढायला लावला, चपला काढायला लावल्या आणि थंडगार फरशीवर उभं करून माझ्या मनगटाला तांब्याची एक तार बांधली. तारेचं दुसरं टोक तिनं दिवाणावर उघड्या पडलेल्या कॉम्प्युटरच्या पत्र्याला बांधलं.

"लोकरीतून वीज उडते," ती म्हणाली. "त्या विजेनं मेमरीच्या चिपा मरतात."

"मले तं काई दिसून नाई राह्यलं."

"दिसत नाई म्हणूनच तं मरतात. हालू नका आता."

मी हाललो नाही. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताला तार, दात वाजत होते. माझं भांड्यांचं दुकान तोवर उघडायला हवं होतं.

हे सगळं सुरू झालं ते तिच्या शाळेनं अडगळीची खोली रिकामी केली तेव्हा. माझी बायको आमच्या गावातल्या एका खाजगी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. निवृत्त होऊन तिला फार दिवस झाले नव्हते. शाळेतून तिच्या एका जुन्या सहकारी बाईंचा फोन आला, की तुमच्या हातचा पहिला कॉम्प्युटर भंगारात चालला आहे. ती तशीच उठून गेली आणि तासाभरात ऑटोत बसून परत आली. मांडीवर पडदा, म्हणजे जुना डब्यासारखा मॉनिटर, आणि पायाशी ते पत्र्याचं धूड. मला वाटलं, आठवण म्हणून आणलं असेल, पलंगाखाली जाईल. तिनं ते पुढच्या खोलीतल्या दिवाणावर मांडलं. दुपारी दुकानातून जेवायला आलो की त्या दिवाणावर मी थोडा वेळ पाठ टेकतो. टेकायचो, असं म्हणायला हवं.

तिला त्या मशीनवर एक काम पुरं करायचं होतं. शाळेत कॉम्प्युटर नवा आला त्या काळात तिनं त्यावर आपल्या जिल्ह्याचा नकाशा काढणारा प्रोग्राम लिहिला होता. ग्राफ पेपरवर नकाशा उतरवायचा, सीमेवरच्या एकेका ठिपक्याचे आडवे-उभे आकडे मोजायचे आणि बेसिक नावाच्या भाषेत ते ओळीनं टाइप करायचे. तेव्हाचा आमचा जिल्हा अवाढव्य होता. वरून पैनगंगा, तिच्या पल्याड महाराष्ट्र, खालून गोदावरी, मधे सगळं जंगल आणि डोंगर. ती पश्चिमेकडून सुरुवात करून दक्षिणेची बाजू उतरवत मंचिर्यालपर्यंत पोचली आणि मशीननं पुढचे आकडे घ्यायचं नाकारलं. पडद्यावर यायचं, आउट ऑफ मेमरी. गॅदरिंगला पाहुण्यांपुढे नकाशा दाखवला तेव्हा त्याची पूर्वेची बाजू उघडीच होती. वांकिडीकडून आलेल्या एका मुलीनं विचारलं, टीचर, माझं गाव कुठं आहे? शाळेच्या कमिटीनं तेव्हा कबूल केलं होतं की जास्तीच्या मेमरीचा बोर्ड मागवू. तो काही आला नाही. पुढं नवे कॉम्प्युटर आले आणि हे मशीन अडगळीत गेलं.

"आता तो बोर्ड मीच बसवते," ती म्हणाली.

"फोनवर नकाशा पाय ना. तुह्या वांकिडीतलं घर न् घर दिसते."

"तो मी काढला नाई."

मी जेवलो आणि खुर्चीत बसल्या बसल्या मान वाकडी करून झोपलो.

असले जुने बोर्ड आता कुणी बनवत नाही. पण जुनी मशीनं जमवणाऱ्या शौकिनांचे फोनवर गट असतात, तिथं तिला हैदराबादचा एक माणूस सापडला. त्याच्याशी ती हिंदीत इतकी अदबीनं बोलायची की मला वाटायचं एखाद्या सोयऱ्याशी बोलते आहे. त्यानं बोर्ड नीट गुंडाळून खाजगी बसच्या ड्रायव्हरजवळ दिला. बस आदिलाबादेला पहाटे पोचते. मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. बस आली, ड्रायव्हर म्हणाला, पार्सल वाटेतच नेरडीगोंड्याला उतरवलं. का? तर चिठ्ठीवरचा फोन लागला नाही, म्हणून त्याच्या ओळखीच्या टपरीवर ठेवलं.

"अहो, पण बस तर इथंच येत होती ना?"

यावर त्यानं खांदे उडवले आणि चहा प्यायला गेला.

नेरडीगोंडा काही जवळ नाही. हायवेवरून स्कूटरवर जाताना बोटं अशी आखडली की ब्रेक लागतो की नाही याचीच शंका. टपरीवरचा माणूस तेलुगूत म्हणाला, "ओनर लेडु, रेपु रंडि." मालक नाही, उद्या या. मी त्याला माझ्या मोडक्यातोडक्या तेलुगूत समजावत होतो तेवढ्यात माझी नजर काउंटरवर गेली. माझ्या बायकोचं नाव लिहिलेल्या खोक्यावर पावाची पाकिटं रचून ठेवलेली होती. मी पाव उतरवले, खोकं उचललं. त्यानं अडवलं नाही. बहुतेक माझा चेहरा बघून.

घरी आल्यावर तिनं खोकं इतक्या हळुवारपणे उघडलं की मला चहा विचारायचं राहून गेलं. आतून हिरवा लांबलचक बोर्ड निघाला, हातभर असेल. त्यावर ओळीनं काळे साचे, सगळे रिकामे.

"हे काय वं? यात मेमरी कुठं हाय?"

तिनं बोर्ड उलटापालटा करून बघितला. "चिपा वेगळ्या घ्या लागतात वाटते."

"म्हंजे मी नेरडीगोंड्याहून मोकळा फळा आणला?"

"बोर्ड आणला तुमी. ओरडू नका."

चिपा नागपूरहून आल्या, कुरिअरनं, आणि देवाच्या दयेनं थेट घरी. एकेक चिप म्हणजे काळी गोम. दोन्ही बाजूंना पाय, एका टोकाला छोटी खाच. ती खाच बोर्डावरच्या खुणेकडेच पाहिजे, उलटी बसली तर जळते. एका ओळीत नऊ, अशा चार ओळी. पाय साच्यापेक्षा जरा फाकलेले असतात म्हणून आधी ते टेबलाच्या कडेवर अलगद दाबून सरळ करायचे, मग साच्यावर ठेवून अंगठ्यानं दाबायचं. हे सगळं ती करत होती आणि स्वेटर काढून टॉर्च धरायचं काम माझं. तोच तो सकाळचा प्रसंग.

त्या सकाळी नेमका माझा साळा आला. तो भीमपूरला राहतो, कापूस आणि सोयाबीन करतो, आणि कापसाच्या दिवसांत मार्केट यार्डात गाडी लावली की आमच्याकडे जेवायला येतो. माझ्या बायकोला तो बाई म्हणतो, तिच्यापेक्षा धाकटा आहे. दारातूनच त्यानं मला बघितलं, हाताला तार बांधलेला, अंगात नुसता सदरा.

"बाई, भाऊजीले काऊन बांधून ठेवलं?"

"तू आत येऊ नको! स्वेटर काढ आधी."

त्यानं निमूटपणे स्वेटर काढला आणि लांब कोपऱ्यात उकिडवा बसला. बराच वेळ बघून म्हणाला, "बाई, असं करण्यापेक्षा नवा काऊन घेत नाई? पंचायतीत एक हाय, लय पातळ."

ती पुढची चिप दाबत होती. तिच्या कपाळावर थंडीतही घाम होता. शेवटची चिप बसली तेव्हा तिनं कंबर सरळ केली आणि म्हणाली, "झालं."

झालं काहीच नव्हतं. बोर्ड स्लॉटमध्ये घालायला गेलो तर तो इतका लांब, की त्याचं पुढचं टोक हार्ड डिस्कच्या केबलवर चढलं. केबल वाकवून कशीतरी बाजूला सारली तर वरचं झाकण बसेना. ते आजही बसत नाही. तिनं तिच्या एका जुन्या सुती साडीचा तुकडा वरून टाकला आहे, पाल शिरू नये म्हणून. मग निघाले स्विच. बोर्डावर नखाएवढ्या स्विचांची एक पट्टी असते. कुठून पुढं मेमरी मोजायची आणि किती आहे, ते त्या स्विचांवरून मशीनला कळतं. पुस्तक नव्हतं. हैदराबादच्या माणसानं फोनवर एका कागदाचा फोटो पाठवला, तो धुरकट. मी चष्मा कपाळावर चढवून वाचत होतो, "चालू, बंद, बंद, चालू, चालू." ती पेनाच्या टोकानं सरकवत होती. मशीन सुरू केलं की ते नुसतं ओरडायचं, पी-पी-पी, आणि पडदा काळा. पुन्हा वाचलं, पुन्हा ओरडलं. दोन-तीनदा असं झाल्यावर तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"अवो, तुमी उजवीकडून वाचून राह्यले!"

"तू सांगितलं होतं का कुठून वाचाचं ते?"

"मराठी उजवीकडून वाचता का तुमी?"

साळा कोपऱ्यातून म्हणाला, "मी जाऊ का बाई? मार्केटात नंबर लागन माहा." आणि जेवण न करताच गेला. तिला त्याचंही वाईट वाटलं आणि तो रागही माझ्यावरच निघाला.

डावीकडून वाचून स्विच लावले तरी मशीन ओरडायचं थांबलं नाही. मग एकेक ओळ काढून बघणं आलं. चिप उपसताना पाय वाकतात, म्हणून ती स्वयंपाकघरातला चिमटा घासून घेऊन आली होती. मी दुकान उघडून, एक गिऱ्हाईक करून, परत आलो तरी ती तिथंच बसलेली. शेवटी तिनं फोननं बोर्डाचे जवळून फोटो काढले आणि बोटांनी मोठे करून बघत बसली. तिसऱ्या ओळीतल्या एका चिपेचा पाय साच्यात न जाता पोटाखाली दुमडला होता. वरून बघितलं तर सगळं ठीक. तिनं तो पाय सुईनं सरळ केला. मी टॉर्च अगदी जवळ धरून होतो, कारण पाय तुटला असता तर पुन्हा नागपूर.

पाय तुटला नाही. मशीन सुरू केलं. या जुन्या मशीनला सुरू होताना आपली मेमरी मोजायची सवय असते, पडद्याच्या कोपऱ्यात आकडा टिकटिक करत वाढत जातो. जुन्या आकड्यापाशी तो थबकला असं मला वाटलं, आणि मग पुढं निघाला. टिकटिक, टिकटिक. ती उभी राहिली. दोन्ही हात तिनं तोंडावर धरले होते. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. इतके दिवस त्या दिवाणावर जे काही चाललं होतं त्यातून निदान एक आकडा तरी वाढला.

आणि लाइट गेली.

गेली म्हणजे क्षणभर, आमच्या गल्लीत कुणी मोटर लावली की जाते तशी. पण त्या मशीनच्या आतली घड्याळाची बॅटरी कधीच मेलेली. लाइट गेली की ते सगळं विसरतं, तारीखही आणि आपल्याला हार्ड डिस्क आहे हेसुद्धा. प्रत्येक वेळी सुरुवातीपासून सांगावं लागतं. तिनं सांगितलं. परत लाइट गेली. तिनं परत सांगितलं. तिसऱ्यांदा मी इन्व्हर्टरची वायर ओढून दिवाणापर्यंत आणली आणि त्या वायरीत अडकून स्वतःच पडलो. गुडघा सुजला. "मशीनले लागलं तं नाई?" असं ती आतून ओरडली. मशीनला लागलं नव्हतं.

अखेर तिचा तो प्रोग्राम उघडला. एवढ्या वर्षांनी हार्ड डिस्क फिरली हेच मोठं. नकाशाची रेघ पश्चिमेकडून निघून गोदावरीच्या काठाकाठानं सरकत मंचिर्यालला येऊन थांबली. मी तिच्या खुर्चीमागं उभा होतो. तिनं पुढच्या ओळीचे आकडे टाइप केले, बटण दाबलं.

आउट ऑफ मेमरी.

तिनं पुन्हा टाइप केलं. तेच. मशीन बंद करून, तारीख सांगून, डिस्क सांगून, पुन्हा टाइप केलं. तेच तीन शब्द, त्याच जागी. मग तिनं हैदराबादला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

तो माणूस सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "मैडम, बेसिक को वो मेमरी दिखेगी ही नहीं. बोर्ड कितना भी बड़ा लगाओ. उसकी अपनी हद होती है, उसके आगे वो देखता ही नहीं."

मी मधे पडलो. "हे तुम्हाला पहिल्या फोनवर सांगता येत नव्हतं का?" मराठीतच बोललो, रागात हिंदी सुचत नाही.

त्याला मराठी कळत असावी. "साहब, मैडम ने बोर्ड माँगा. प्रोग्राम का किसी ने पूछा नहीं."

मी दिवाणाकडे बघितलं. सूज आलेला गुडघा, नेरडीगोंड्याची थंडी, पावाची पाकिटं, वायरी. मला वाटलं ती रडेल. ती फोनवर म्हणत होती, "तो फिर क्या करें?"

"टुकड़े कर दो, मैडम. चार फाइल बना लो. एक ख़तम हुई कि दूसरी को बुलाए. स्क्रीन वैसी ही रहेगी, लकीर आगे चलती जाएगी. इसमें बोर्ड की ज़रूरत ही नहीं."

तिनं फोन ठेवला. मग मला राहवलं नाही. "चार तुकडे! सरकारनं जिल्ह्याचे चार तुकडे कवाच केले. आता आदिलाबाद येगळं, निर्मल येगळं, मंचिर्याल येगळं, वांकिडी तिकडं आसिफाबादेत गेली. तू ज्याचा नकाशा काढून राह्यली तो जिल्हाच राह्यला नाई, वं."

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

"मग बोर्ड काढू का आता? त्याचा काई उपयोग नाई म्हणते तो."

"काऊन काढता? मोठ्या मुश्किलीनं बसला हाय. राहू द्या."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मी फार सांगत नाही. पूर्वेची सगळी बाजू अजून टाकायची होती. तिनं ग्राफ पेपरवर ती उतरवली आणि आकडे मोजायला मला बसवलं. दुकानात गिऱ्हाईक कढई वाजवून बघत असताना माझ्या डोक्यात आडवे-उभे आकडे फिरायचे. एकदा तर मी एका बाईला पातेल्याचा भाव सांगताना सीमेवरचा ठिपका सांगितला. ती बाई दुसऱ्या दुकानात गेली.

एका रविवारी सकाळी तिनं मला हाक मारली. साळाही आला होता, या वेळी स्वेटर बाहेरच काढून ठेवून. पहिली फाइल पश्चिम काढून थांबली, पडदा क्षणभर तसाच राहिला, आत हार्ड डिस्क कुरकुरली, आणि रेघ पुढं निघाली. निर्मल. गोदावरी. मंचिर्याल. मग वर चढून शिरपूर, मग वांकिडी, मग पैनगंगेच्या काठानं मागं येत येत रेघ जिथून निघाली होती तिथं जाऊन मिळाली. पूर्ण जिल्हा. काळ्या पडद्यावर पांढरी रेघ, जराशी खडबडीत, पण पूर्ण.

ती कमरेवर हात ठेवून बघत उभी होती. मी म्हणालो, "झाला वं तुहा जिल्हा." यापेक्षा जास्त काही मला बोलता येत नाही आणि ते तिला माहीत आहे.

साळा पडद्याजवळ वाकला. गावांची नावं वाचत गेला. "तांसी हाय... आदिलाबाद हाय... बाई, माहं भीमपूर कुठं हाय?"

"तवा भीमपूर मंडळ नवतं रे. तांसीत होतं." आमच्याकडं तालुक्यासारखं मंडळ असतं.

"तवा नसन, आता तं हाय ना? वांकिडीच्या पोरीसाठी एवढं केलं, न् सख्ख्या भावाचं गाव नाई?"

मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो की गप्प बस. उशीर झाला होता. ती खुर्चीत बसली, चष्मा लावला आणि त्याला विचारू लागली, नदीपासून गाव किती लांब, तांसीपासून किती. तो हवेत बोटं फिरवून दाखवत होता. तिनं दोन आकडे टाकले. पडद्यावर एक ठिपका उमटला आणि त्याच्या बाजूला भीमपूर, इंग्रजी अक्षरांत, कारण त्या मशीनला दुसरी येत नाहीत.

साळ्यानं फोननं फोटो काढून गावाच्या गटावर टाकला. आमचा चहा होईपर्यंत त्यावर उत्तर आलं. त्यानं ते वाचलं, पडद्याकडे बघितलं, परत वाचलं.

"बाई, थो पाटलाचा पोरगा म्हणते, भीमपूर नदीच्या पल्याड गेलं. म्हंजे महाराष्ट्रात."

"कसं जाईन?"

"पाय ना. रेघेच्या वरतं हाय ठिपका."

ती वाकून बघू लागली. ठिपका खरंच रेघेच्या वर होता, केसभर. साळा म्हणाला राहू दे, तिकडं सोयाबीनला भाव बरा हाय. ती हसली नाही. तिनं बशी बाजूला सारली, ओळ शोधून काढली आणि उभा आकडा बदलला. मशीननं नकाशा पुन्हा पश्चिमेकडून काढायला घेतला, आणि त्याला बराच वेळ लागणार होता. मी चपला घातल्या आणि दुकान उघडायला निघालो.